टाचेवरचा हिरवा

म्हापशाच्या सेंटरात, तळमजल्याला, खिडकी नाही.
चंद्रावती मांद्रेकर, वय एकाहत्तर, मुक्काम आगरवाडा,
चपला दाराबाहेर काढून आत आली
आणि थंड टेबलावर पाय ठेवताना
त्या पायांबद्दल माझी माफी मागितली.

सहा वर्षं संधिवात म्हणत होते.
एक्स-रेत काही नव्हतं, म्हणजे
वयाला शोभेल एवढंच होतं.
अंगठा रात्री फुगायचा, लालबुंद,
चादर टेकली तरी जीव जायचा,
आणि सकाळी रक्त तपासलं तर
युरिक ॲसिड अगदी मापात.
एकदा सुई घातली, पाणीच आलं नाही.
'घेते का ही?' एका डॉक्टरनं सुनेला विचारलं.
घरात फेणी होती खरी,
नातवाला खोकला झाला की छातीवर चोळायची.
रक्तदाबाच्या गोळीकडे मात्र कुणी बघितलं नाही,
जी रोज पाणी काढून टाकायची;
पाणी गेल्यावर मागे काय उरतं
हे मिठागरातल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.
विचारलंच नाही तिला.

यंत्र एकाच पावलाकडे दोन नजरांनी बघतं,
एक ऐंशीची, एक एकशेचाळीसची.
हाडातला चुना दोघींना वेगवेगळा दिसतो,
युरेट जवळपास सारखंच.
तेवढ्या फरकावर संगणक रंग भरतो:
हाड निळं, युरेट हिरवं.

हिरवं उगवलं.
अंगठ्याच्या बुडाला बिलगून,
मग घोट्यामागच्या दोरीवर
मानशीच्या फळीला शेवाळ धरावं तसं.
मी पडदा तिच्याकडे वळवला. वळवू नये म्हणतात.

"हें मीठ मगो?"
मीठच, एका परीनं. रक्तातलं.
"पण धरतं कसं? आत ऊन कुठं आहे?"
म्हटलं, हे थंडाव्यात धरतं,
म्हणून तर काळजापासून लांब, पायाच्या टोकाला.
ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली.
"आमच्यात पाणी हलू द्यायचं नाही.
मानशीचं दार लावलं, पाणी कप्प्यात घेतलं
की पोरांनासुद्धा बांधावर दंगा करू द्यायचा नाही.
निवांत राहिलं तरच दाणा धरतो."
मग हळूच,
"मी तर कधी बसलेच नाही."

अजून हिरवं होतं.
दोन्ही टाचांना खालून, जाड काठ शिवल्यासारखं,
नखांखाली, दहाही बोटांना.
खरं तर सगळ्यात जास्त तिथंच.
सून पुढं झाली: एवढं?

नाही. तिथं काही नाही.
राठ कातडी आणि नख दिसलं की हे यंत्र फसतं,
त्यालाही युरेट समजतं.
चाळीस उन्हाळे अनवाणी,
डोक्यावर गळकी टोपली,
कप्प्याकडून ढिगाकडे, ढिगाकडून कप्प्याकडे,
शापोऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात,
ते सगळं चालणं
दोन्ही नजरांना आजारासारखं दिसलं.

रिपोर्ट चार ओळींचा.
उजव्या अंगठ्याचा सांधा: युरेटचे साठे.
घोट्यामागे: तसेच, कमी.
गाउटशी सुसंगत.
टाचा व नखे: आभास, दुर्लक्ष करावे.

हे शेवटचे शब्द मी आठवड्यातून चारदा टंकते.
आज 'दुर्लक्ष करावे' खोडलं.
मग परत लिहिलं,
कारण वाचणाऱ्याला औषध ठरवायचं असतं
आणि त्याला एवढंच कळणं पुरे.

बाहेर सून फाईल पिशवीत घालत होती.
चंद्रावती भिंतीला धरून
चपलेत पाय सरकवत होती, अंगठा जपत, तिरका,
वीतभर चपलेला पुरा वेळ देत.
पाऊल आत गेलं.
टाच, नेहमीसारखी,
फरशीवर राहिली.